गूळ उतरला, जागा उतरली नाही

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते स्लॅबवर पाणी भरायचं. दुसरं काही नाही. देवाला गेलो नाही, फोटो काढला नाही, गोडधोड खाल्लं नाही. ऊन कलल्यावर मी खालच्या बॅरलमधनं घागर भरायची, निम्मी शिडी चढायची, आणि बायकोनं वरून वाकून ती घ्यायची. एवढंच.

स्लॅब नवा होता. सिमेंट ओलं राहिलं तर घट्ट होतं, वाळलं तर तडकतं. म्हणून गवंड्यानं सांगितलेलं, वर मातीचे लहान बांध घाला, त्यात पाणी साठवा, आणि मी सांगेन तोवर मोडू नका. बांध घालायचं काम तिनं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. ती शाहूवाडीकडची, भाताच्या रानातली. साडी खोचून, गुडघे टेकून, तिनं सगळ्या स्लॅबवर काळ्या मातीचे वाफे घातले. इतके सरळ, की गवंडी बघून म्हणाला, "मावशी, आता रोप लावा की ह्यात."

ही म्हणाली, "लावलं असतं रं. पर तुझ्या सिमेंटाला खत कुठलं घालायचं?"

त्या दिवशी रस्त्याकडच्या कोपऱ्यातला बांध झिरपायला लागला होता. तिनं वरून हाक मारली. हाक कसली, पलीकडच्या उसातले बगळे उडाले.

"अवो! हितं भोक पडलंय! पानी चाललंय समदं खाली!"

"मग बुजव की."

"माती संपली. खालनं द्या."

"माती भिजवाय पायजे. आता दिस बुडालाय. सकाळी बघू."

"सकाळी तुमी बघनार, आनि तवर ह्यो कोपरा वाळनार."

"एका रातीत काय हुतंय?"

तिनं विटेचा एक तुकडा घेतला आणि भोकावर दाबून ठेवला. वरूनच मला म्हणाली, "सकाळी आल्या आल्या पयलं ह्येच. च्या न्हाय, तंबाखू न्हाय. पयलं भोक."

"व्हय, राणीसरकार."

"राणीसरकारच हाय मी. माज्या माडीवर उभी हाय."

माडी कसली, दोन खोल्यांवरचा स्लॅब. कठडा नाही, जिना नाही, खाली दारं बसायची होती. मग ती शिडी उतरली, खालच्या पायरीवर बसली, आणि कपाळ धरून म्हणाली, "डोकं ठणकालंय." मला वाटलं, दिवसभर उन्हात होती, त्याचं असेल. मी म्हणालो, चल, घरी जाऊन पड जरा.

तिला घर कशाला पाहिजे होतं ते आधी सांगितलं पाहिजे. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी शाळा दुसरीपर्यंत शिकलेला माणूस आहे, मला फिरवून फिरवून सांगता येत नाही.

लग्न झाल्यापासून आम्ही शाहूपुरीच्या मागं एका खोलीत भाड्यानं होतो. मला गुळाच्या बाजारात हमाली होती, खोलीपासून बाजार जवळ. खोली आणि मालकिणीचं घर यांच्या मधे भिंत नव्हती, फळ्या होत्या. फळ्यांना फटी. मालकीण एकटी बाई, कान सशाचे. एकदा जेवताना मी हळूच म्हणालो, आमटीत मीठ कमी वाटतंय. तर फळीपलीकडून आवाज आला, "काल बी कमीच हुतं!"

ही नवीन होती तेव्हा. हसून हसून ठसका लागला तिला. पण पुढं पुढं हसू येईना. आमची माणसं बोलायला मोठी. त्यात ही डोंगरातली. ह्या टेकडीवरून त्या टेकडीवर गुरं वळणाऱ्या भावाला हाक मारत वाढलेली. तिचा आवाज फळ्यांत मावत नव्हता. तिनं तो बारीक केला. एवढा बारीक केला, की तिचा भाऊ पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, आक्का आजारी हाय काय?"

भांडायचं झालं तर आम्ही पंचगंगेच्या घाटावर जायचो. खोटं सांगत नाही. तिला राग आला की ती धुण्याची बादली उचलायची आणि म्हणायची, "चला नदीला." मला कळायचं, आज माझं काही खरं नाही. एकदा घाटावर पोटभर भांडून झाल्यावर, धुणं पिळता पिळता म्हणाली, "मला बंगला नगो, माडी नगो. मोट्यानं भांडता ईल असं एक घर बगा."

तेवढंच मागितलं तिनं. सोनं मागितलं नाही. मूलबाळ आम्हाला झालं नाही, त्याबद्दलही कधी बोलली नाही. घर मात्र दर वर्षी.

आता घर म्हणजे आधी जागा. आणि जागेचं खोलीत बोलायची सोय नव्हती. मालकिणीला आमची खोली रिकामी पाहिजेच होती, नवा भाडेकरू जास्त देणार होता. आम्ही जागा बघतोय असं कानावर गेलं असतं, तर दुसऱ्या दिवशी म्हणाली असती, मग उचला बाडबिस्तरा. म्हणून मी हिला बोटांची भाषा शिकवली. माझा बाप बैलबाजारात दलाली करायचा. तिथं सौदा तोंडानं करत नसत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा, आणि आत एकानं दुसऱ्याची बोटं धरायची. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. शेकडा की हजार, ते माणसाच्या तोंडावरून समजायचं. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांतच राहायचा.

आम्ही तो तिच्या पदराखाली करायचो. मी बाजारात कुणाकडून ऐकून आलेलो असायचो, अमक्या बाजूला जागेचा भाव काय निघालाय. जेवण झाल्यावर ती हात पुढं करायची, वर पदर. मी बोटं धरायचो. ती तोंड वाकडं करायची. कधी माझा हात झटकायची. कधी माझंच एक बोट मोडून आत घालायची, म्हणजे एवढं कमी करायला सांगा. फळीपलीकडच्या बाईला वाटत असेल, ही दोघं मुकी झाली.

पण घ्यायचं कधी, हा प्रश्न होता. त्यात आम्ही अडकलो.

आमच्या गुळाच्या बाजारात एक हिशोब पक्का होता. अडत्यापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचा. कोल्हापुरात जागा घेतं कोण? खेड्यातला उसाचा शेतकरी, पोरांच्या शिक्षणाला म्हणून. त्याच्या हातात पैसा येतो कशानं? गुळानं. मग गूळ चढला की जागा चढणार, गूळ पडला की जागा पडणार. दिवाळीच्या पाडव्याला नव्या गुळाचा मुहूर्ताचा सौदा निघायचा. हार, पेढे, फटाके. आम्ही हमाल डोक्यावर रव्याएवढं ओझं असल्यासारखे गप्प उभे राहून भाव ऐकायचो. रवा म्हणजे गुळाची मोठी ढेप, पाठीवर घेतली की माणूस दबतो. भाव चढा निघाला की सगळा बाजार ओरडायचा, आणि मी मात्र मनात म्हणायचो, गेलं हे वर्ष. घरी आल्यावर ती दारातच माझं तोंड बघायची. काही विचारायची नाही.

हिशोब खोटा नव्हता. आधीच्या काळात तसंच झालेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. एकदा गूळ कोसळला आणि एका गाववाल्यानं गावाकडं परत जाताना आपली जागा पडेल त्या भावानं टाकली होती. ती आमच्यातल्याच एकाला मिळाली. तेव्हापासून सगळे थांबायला शिकले. चहाच्या गाड्यावर रोज तेच. "औंदा पडतोय बग." "फुडल्या साली नक्की." "सरकार बदललंय, आता बगा." पेपर वाचणारा एक जण होता, तो सांगायचा दिल्लीत काय चाललंय. दिल्लीत काही चाललं तरी आमचं म्हणणं एकच, गुळाकडं बघा.

दुष्काळ आला. आणीबाणी आली. रॉकेलला रांगा लागल्या. आम्ही गुळाकडं बघत होतो.

आणि एका साली गूळ खरंच पडला. असा पडला, की अडत्यांची तोंडं उतरली, गाड्या माघारी जायला लागल्या. आम्ही हमाल मात्र आतून खूश. मी त्या दिवशी पेढे घेऊन घरी गेलो. मालकीण दारात उभी, म्हणाली, "काय ओ, कशाचं पेढं?" मी म्हणालो, "गूळ पडला." ती बाई माझ्याकडं बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं राजारामपुरीच्या पलीकडं गेलो. तेव्हा तिकडं ऊसच होता, मधेमधे जागा पाडलेल्या. शेताचा मालक म्हातारा होता, पटक्याचा माणूस, बाभळीखाली बसलेला. राम राम झाला.

मी म्हणालो, "मालक, गूळ पडलाय."

"पडू दे की."

"मग जागेचं कसं?"

"जागेचं काय? जागा हाय तितंच हाय. पडाय ती काय भिंत हाय?"

"न्हाय, म्हंजे, शेतकऱ्याकडं पैसा न्हाय म्हनल्यावर..."

म्हातारा हसला. दात नव्हते. म्हणाला, "पावणं, कुठल्या सालात ऱ्हाताय? गुऱ्हाळ मोडून किती वरसं झाली माझं. माझा ऊस कारखान्याला जातोय. बिल बँकेत येतंय. गूळ पडू दे न्हायतर नदीत बुडू दे. गेल्या सालापरास भाव वाढलाय, फुडल्या साली आनि वाढंल."

सगळ्या बाजारानं इतकी वर्षं पाठीवर वाहिलेला हिशोब, एका बोळक्या तोंडानं बाभळीखाली मोडला. कारखाने आमच्या डोळ्यांपुढं उभे राहिले होते. धुराडी दिसत होती. बाजारात गूळ कमी यायला लागला होता, आमची हमाली कमी झाली होती, ते आमच्याच पाठीला कळत होतं. तरी एकालाही सुचलं नाही, की जागा आता गुळाला बांधलेली राहिली नाही. आम्ही गुळातली माणसं. आम्हाला जग गुळाचंच दिसायचं.

मी उठायला लागलो. म्हणालो, बघू पुढच्या साली. तर हिनं माझा डावा हात धरला, पदर टाकला, आणि आत बोटं दाबली. भाव देत होती. म्हाताऱ्याचा भाव नव्हे, तिचा.

मी म्हणालो, "मालक, जुन्या रीतीनं करायचं काय?"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत चमक आली. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला. मग असं झालं, की माझा उजवा हात टॉवेलाखाली म्हाताऱ्याच्या हातात, आणि डावा हात पदराखाली बायकोच्या हातात. तो एक बोट वाढवायचा, मी डावीकडं सांगायचो; ती झटकायची, मी उजवीकडं झटकायचो. बराच वेळ चाललं. शेवटी म्हातारा माझ्याकडं बघेना, तिच्याकडं बघायला लागला.

"पावणं," तो म्हणाला, "सौदा तुमी करालायसा का वैनी?"

ही पहिल्यांदाच बोलली. मोठ्यानं बोलली, रानात होती ना. "त्यास्नी गुळातलं कळतंय मामा. जागंतलं मला बोला."

म्हातारा इतका हसला, की बसल्या जागी मागं रेलला. उतरला थोडा. फार नाही. पण आम्ही त्या दिवशी जागा घेतली, चढ्या भावानंच घेतली, आणि परत येताना ती उसाच्या बांधावरून मोठमोठ्यानं बोलत आली. काय बोलत होती आठवत नाही. आवाज आठवतो.

पुढं बांधायची वेळ आली तेव्हा परत तेच. सिमेंट तेव्हा सरकारी परमिटवर. लोक म्हणायचे, थांबा, सिमेंट सुटणार आहे. सळई उतरणार आहे. वीट पावसाळ्यानंतर स्वस्त होते. मी ऐकून यायचो आणि तिच्यापुढं हात करायचो, पदराखाली सांगायला. ती हात देईनाशी झाली. फळीकडं तोंड करून, मालकिणीला ऐकू जाईल अशी बोलायची, "आता कुनाचं ऐकायचं न्हाय. थांबायचं हुतं तेवडं थांबून झालं." मालकीण पलीकडून म्हणायची, "बरोबर हाय बाई तुझं." मालकीण कधी आमच्या बाजूची झाली, कळलं नाही.

आता मी त्या घरात राहतो. भोवती सगळी घरं झाली आहेत, ऊस राहिला नाही. नवी लग्नं झालेली पोरं दारात येऊन विचारतात, "काका, जागेचं काय हुईल? थांबावं का घ्यावं?" मी म्हणतो, मला काय विचारता. घेऊन पस्तावलेली माणसं बघितली, थांबून पस्तावलेली बघितली. भाव काय होणार ते कुणाच्या बापाला कळत नाही. माणूस किती दिवस आहे, ते तर त्याहून कळत नाही. पोरं तरी उभीच राहतात. त्यांना आकडा पाहिजे असतो.

त्या संध्याकाळी स्लॅबवरून उतरून आम्ही चालत खोलीवर आलो. ती वाटेत एकदा थांबली, एका कुंपणाला धरून. मी म्हणालो, रिक्षा करूया. नको म्हणाली. खोलीत आल्यावर दिवा लावला, आणि दिव्यापाशीच खाली बसली. उलटी झाली. मग एक बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं. मालकीण फळीपलीकडून धावत आली. मी, मालकीण, रिक्षावाला, आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेलं.

बोलता येत नव्हतं तिला. माझा हात धरला होता. तीन बोटं धरली होती.

भेटायला येणारे म्हणतात, ती काहीतरी सांगत असणार. काही सांगत नव्हती. माणूस बुडताना धरतो तशी धरली होती. मी मात्र मूर्खासारखा तिच्या तोंडाकडं बघत होतो, शेकडा की हजार.

डॉक्टर म्हणाले, डोक्यातली शीर फुटली. मग तिला घरी आणलं. ती रात्र मी सांगत नाही.

उजाडलं तेव्हा खोली बायकांनी भरली होती. तिच्या भावाला निरोप गेला होता, तो पहिल्या एसटीनं येणार होता. लोक म्हणाले, माहेरचं माणूस आल्याशिवाय उचलायचं नाही. थांबायचं. बाहेर बाकड्यावर मला बसवलं, कुणीतरी हातात चहा दिला. समोर ऊन चढायला लागलं होतं. मी ते बघत होतो. कौलावर आलं, मग भिंतीवर आलं.

मी चहा खाली ठेवला आणि उठलो.

"कुठं?" कुणीतरी विचारलं.

दारात मालकीण बसली होती, रडून तोंड सुजलेली. तिला न सांगताच कळलं. इतकी वर्षं आमचं सगळं ऐकलेलं होतं तिनं. म्हणाली, "जावा. मी बसतो तिच्यापाशी."

मी जागेवर पोचलो तोवर मागून माझा बाजारातला जोडीदार आला, धापा टाकत. आम्ही दोघांनी जन्मभर एकमेकाच्या पाठीवर गूळ चढवलेला. म्हणाला, "अरं, येडा झालास काय? बाई घरात हाय, तू हितं काय करालायस? सुतक हाय तुला."

"सुतक मला हाय. स्लॅबला न्हाय."

मी बॅरलमागची माती काढली, पाणी घालून पायानं मळली. तो घागर भरायला लागला. म्हणाला, "मी वर जातो, तू खालनं दे."

"न्हाय," मी म्हणालो. "वर मी. तू खालनं दे."

वर गेलो. कोपरा वाळला होता, पांढरा पडला होता. बाकीच्या वाफ्यांत पाणी होतं, तिच्या गुडघ्यांच्या खुणा बांधांवर तशाच होत्या. चहा घेतला नव्हता, तंबाखू मळली नव्हती. विटेचा तुकडा तिनं दाबला होता तिथंच राहू दिला, आणि त्याच्या भोवतीनं, वरून, ओली माती दोन्ही हातांनी दाबत दाबत बसवली. खालून घागर आली. ती ओतली. दुसरी आली. ओतली.

मग शिडी उतरून, रस्त्याच्या बाजूनं जाऊन, भिंतीला खालून हात लावून बघितला. झिरपत नव्हतं.

हात तसाच मातीचा होता. धुतला नाही. तिचा भाऊ पोचायच्या आत खोलीकडं चालायला लागलो.